पिवळ्या रेघेखालचा बोल्ट

गाडी दिसायच्या आधी मला तिचा आवाज ऐकू आला आणि तिथेच माझं डोकं सटकलं. कट-कट-कट-कट. कुणीतरी चिडून टेबलावर चमचा आपटत बसलंय तसा. दहा दिवसांपूर्वी हीच गाडी मी माझ्या हातांनी बेल्ट बदलून बाहेर काढली होती, तेव्हा ती शहाण्यासारखी गुपचूप गेली होती. आता ही कसली नवी थेरं?

गाडीच्या मालकीणबाई वकील. आमच्याकडे त्यांना सगळे वकीलबाईच म्हणतात. त्या उतरल्या, दार धाडकन लावलं आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"ताई, हे काय आहे? सिग्नलला थांबले की शेजारच्या गाडीतली माणसं काच खाली करून बघतात."

"कधी वाजतं?"

"उभी असली की. थोडी रेस दिली की बंद. आणि एकदम जोरात दाबली की शीळ घालते. तुम्ही हात लावायच्या आधी हे असलं काही नव्हतं."

शेवटचं वाक्य त्यांनी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, कारण तोवर काउंटरमागून दादा आला होता. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याच्या पांढऱ्या शर्टाला गेल्या बारा वर्षांत तेलाचा एक डाग लागलेला नाही आणि गॅरेज मात्र तोच चालवतो. गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं काम त्याचं, बॉनेटखाली डोकं घालायचं काम माझं.

"मॅडम, तुम्ही काळजीच करू नका," दादा म्हणाला. "चार वाजता या. काय असेल ते तुमच्यासमोर सांगतो."

त्या रिक्षा बघायला बाहेर गेल्या आणि दादाचा गोडवा लगेच आटला.

"हे तुझंच काम ना?"

"माझंच."

"या वर्षातली ही तिसरी तक्रार आहे. तिसरी! हे जर तुझ्या हातून झालं असेल ना, तर सोमवारपासून तू काउंटरला बस. इंजिनाला दुसरं माणूस बघतो मी. बोललोय एकाशी."

"बोलून ठेवलंयस? मला न विचारता?"

"विचारायचं काय त्यात? वय होतं माणसाचं. नजर चुकते."

चव्वेचाळीस वर्षांची आहे मी. म्हणे वय होतं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीस वर्षं मी या सिमेंटच्या जमिनीवर पाठ टेकून काढली आहेत. लग्न मोडलं तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी इथे येऊन गिअरबॉक्स उतरवला होता, कारण घरी बसून रडण्यापेक्षा ते बरं होतं. मला काउंटरला बसवणार म्हणजे काय, पावत्या फाडायला आणि "बसा ना, पाच मिनिटं" म्हणायला? त्यापेक्षा मी घरी बसेन. आणि घरी बसले तर वेडी होईन, हे मला चांगलं माहीत आहे.

"चार वाजेपर्यंत माझ्या वाटेला जाऊ नकोस," मी त्याला सांगितलं आणि बॉनेट उघडलं.

साधं इंजिन आपला श्वास आपण घेतं. या गाडीत इंजिनाच्या डोक्यावर सुपरचार्जर बसवलेला आहे, म्हणजे हवा आत कोंबणारं यंत्र. ते बेल्टवर फिरतं. आणि तोच एक बेल्ट पाण्याचा पंप फिरवतो, स्टिअरिंगचा पंपही फिरवतो. तो बेल्ट पळत्या गाडीत निसटला तर नुसता जोर जात नाही, स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. वळणावर असं झालं तर पुढे काय, ते सांगायला नको.

मी गाडी चालू केली आणि नुसती ऐकत उभी राहिले. कट-कट-कट. रेस दिली, गप्प. सोडली, पुन्हा सुरू.

मागून चपला फरपटत आल्या. बाबा. हे गॅरेज त्यांनी काढलेलं आहे. आता शहात्तर वर्षांचे आहेत, पण सकाळी आमच्याआधी येतात. बाकावर बसून पेपर वाचतात, आणि मध्येच उठून कुठल्या तरी गाडीचं काहीबाही लावून टाकतात. घरी राहा म्हटलं तर जेवत नाहीत. मला पाना धरायला त्यांनीच शिकवलं. वडील म्हणून ते कसे आहेत ते सोडा, पण मेकॅनिक म्हणून मी त्यांच्याइतकं कुणालाच मानलं नाही.

बाबांनी भिंतीवरची लांब सळई काढली, एक टोक सुपरचार्जरच्या नाकाडावर टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटले. दादाही येऊन उभा राहिला. बाबा ऐकत असले की आमच्याकडे कुणी शिंकतसुद्धा नाही.

"कपलर," बाबा म्हणाले. "याच्या नाकात पुली आणि पंखे जोडणारा कपलर असतो, तो झिजलाय. सुपरचार्जर खाली उतरवावा लागेल."

"म्हणजे आपली चूक नाही?" दादाने विचारलं.

"आपली कशी असेल? जुना झाला, झिजला."

दादाचा चेहरा असा खुलला, जणू त्याचाच कपलर नवा बसवला. "बघ, सुटलीस! बाबा म्हणाले म्हणजे विषय संपला."

सुटले होते खरी. फक्त मान हलवायची होती. चार वाजता वकीलबाईंना सांगायचं, भाग झिजला, आमचा काही संबंध नाही. सोमवारी माझी जागा जिथल्या तिथे. पण मला ते पटेना. कपलर झिजला की आवाज खुळखुळ्यासारखा येतो, विस्कटलेला. हा आवाज तर मोजून मारल्यासारखा येत होता. आणि ती शीळ? कपलर शीळ घालत नाही.

"मला नाही वाटत कपलर," मी म्हणाले.

बाबांनी सळई खाली केली. "काय?"

"बेल्ट काढून बघते. अर्ध्या मिनिटाचं काम आहे."

"अगं, तुला सुटका नको आहे का?" दादा ओरडला. "कुणी हातात आणून देतंय तर घे ना मुकाट!"

"कपलर नसला तर? त्या बाईंचा चांगला सुपरचार्जर उगाच खोलायचा, परत बसवायचा, आणि तेच कट-कट घेऊन त्या पुन्हा दारात. मग कुठे तोंड लपवशील?"

"चाळीस वर्षं मी आवाज ऐकतोय," बाबा म्हणाले. आवाज शांत होता, पण सळई त्यांनी भिंतीला टेकवली ती जरा आपटूनच. "बघ तुला काय बघायचं ते."

बघितलं. बेल्ट उतरवला, इंजिन पंधरा सेकंद चालवलं, म्हणजे पाणी फिरत नसताना तापायच्या आत बंद करता येईल इतकंच. आवाज गायब. म्हणजे इंजिनाच्या पोटात काही नव्हतं, जे काही होतं ते बेल्टच्या वाटेवर होतं. मग सुपरचार्जरची पुली हाताने धरून मागेपुढे हलवली. कपलर झिजलेला असता तर आत ढिलेपणा लागला असता. काही लागलं नाही. अगदी घट्ट, गुळगुळीत.

म्हणजे बाबा चुकले होते. मला त्याचा आनंद झाला पाहिजे होता, पण झाला नाही. बाबांचा कान चुकलेला मी जन्मात पाहिला नव्हता.

आता उरल्या बेल्टला वळवणाऱ्या छोट्या पुल्या. पहिली ठीक. दुसरी, सुपरचार्जरच्या अगदी खालची, गेल्या खेपेला नवीच घातलेली. तिला बोट लावलं आणि ती हलली. जराशीच, सैल दात हलावा तशी. बेअरिंग? फिरवून पाहिली, नवीकोरी, आवाजसुद्धा नाही. मग मधल्या बोल्टला पाना लावला. लावला आणि जरासा रेटला, तर पाना चालायला लागला. पाव फेरा. अर्धा. लागायला हवा त्याच्या निम्माही जोर लागला नाही.

बोल्ट कधी पूर्ण घट्ट झालाच नव्हता. उभ्या गाडीत पुली डुगडुगायची, म्हणून कट-कट. रेस दिली की बेल्ट तिला एका बाजूला ओढून धरायचा, म्हणून गप्प. फार ताण आला की तिरकी व्हायची आणि बेल्ट तिच्यावर घासायचा, म्हणून शीळ. आणखी आठवडाभर गेला असता तर बेल्ट उडाला असता, आणि वकीलबाई कुठल्या वळणावर असत्या देव जाणे.

मी टॉर्च जवळ नेला. बोल्टच्या डोक्यावरून खालच्या वॉशरवर गेलेली पिवळी रेघ होती.

आमच्याकडे नियम आहे. जो बोल्ट घट्ट करतो तो त्यावर आपल्या रंगाची रेघ ओढतो. बोल्ट पुढे कधी हलला तर रेघ तुटते आणि लगेच कळतं. माझा रंग पिवळा. पाना लावताना मी रेघ बघितलीच नव्हती. आता ती माझ्या पान्याने तुटली होती, पण त्या अर्ध्या फेऱ्याइतकीच, तिची दोन्ही टोकं कोरी ताजी होती. म्हणजे मी हात लावेपर्यंत ती अखंड होती. रेघ ओढल्यापासून बोल्ट कुणी सैल केला नव्हता. मी सैल बोल्टवरच रेघ ओढली होती.

आणि मला तो दिवस लख्ख आठवला. नवी पुली जागेवर ठेवून मी बोल्ट नुसता बोटांनी गुंतवला होता, एवढ्यात दादाने पुढून हाक मारली, कुणाची तरी बंद पडलेली गाडी दारातून ढकलायला. दहा मिनिटांनी आले तर बाबा हात पुसत उभे. म्हणाले, "लावून टाकला तुझा बोल्ट. घट्ट केलाय. बंद कर आता." बाबा स्वतः कधी रेघ ओढत नाहीत, ते त्यांना पोरखेळ वाटतं. मग मी ब्रश उचलला आणि माझी रेघ ओढली. तपासलं नाही. कसं तपासणार? ज्या माणसाने मला पाना धरायला शिकवलं, त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या बोल्टवर पुन्हा पाना लावायचा?

"सापडलं?"

दादा. कधी मागे येऊन उभा राहिला कळलं नाही. आणि त्याच्यामागे वकीलबाई, पर्स काखेत, साडेतीनलाच हजर.

दादाने टॉर्चच्या उजेडात वाकून बघितलं. त्याला इंजिनातलं कळत नसेल, पण पिवळा रंग कळतो.

"सैल आहे?" त्याने विचारलं. "तुझा बोल्ट सैल आहे?"

"रेघ माझी आहे. पाना बाबांचा होता."

"काय?"

"बोल्ट बाबांनी लावला. मी नुसती रेघ ओढली."

"वा!" दादाने टाळी वाजवली. खरोखर वाजवली. "आता बाबांच्या नावावर बिल फाडतेस? लाज वाटत नाही? म्हातारा माणूस तुला मदत करतो—"

"मी घट्ट केला होता." बाबा बाकावरून उठून आले होते. "पूर्ण. मला चांगलं आठवतंय. तूच नंतर कधीतरी हात लावला असशील, पोरी."

हे त्यांनी रागाने म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण ते समजुतीने म्हणाले. लहान मुलीला पाठीशी घालतात तसे. आणि माझा उरलासुरला ताबा सुटला.

"मी हात लावला? ही रेघ बघा! आत्ता माझ्याच पान्याने तुटली, त्याआधी अखंड होती. तुम्ही सांगितलंत घट्ट आहे, मी गाढवासारखा विश्वास ठेवला, आणि आता मी काउंटरला बसायचं? वीस वर्षं तुमची मान खाली जाऊ नये म्हणून मरमर मरले, आणि तुम्ही एका वाक्यात मला खोटं पाडता, तेही या बाईंसमोर?"

"आवाज खाली कर," दादा म्हणाला.

"नाही करत!"

मी कपाटातून टॉर्क पाना काढला. या पान्यावर किती जोर द्यायचा ते आकड्यात लावता येतं, आणि तेवढा जोर भरला की तो 'टक' करतो. बाबांना तो कधीच आवडला नाही. "माझं मनगट हाच माझा मीटर," असं ते म्हणायचे, आणि ते खरंही होतं. शिकत होते तेव्हा कितीतरी वेळा मी त्यांच्या नकळत हा पाना लावून बघितलाय, पहिल्याच हिसक्याला 'टक'. आकडा मी पुलीच्या बोल्टचा लावला. फार मोठा नाही. माझ्या एका हाताचं काम.

"घ्या," मी म्हणाले. "करा घट्ट. तसाच, त्या दिवशी केला होता तसा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग पान्याकडे. घेतला. वाकले, पाना बोल्टवर बसवला आणि ओढला. त्यांच्या मानेची शीर फुगली. ओठ आत गेले. पाना थोडा फिरला आणि थांबला.

आवाज झाला नाही.

त्यांनी पाय फाकवून नीट उभं राहून पुन्हा ओढला. हात थरथरायला लागला, कोपरापर्यंत. मला तेव्हाच म्हणायला हवं होतं, बाबा, बास. मी म्हणाले नाही. दात आवळून बघत राहिले. मला त्यांना हरलेलं बघायचंच होतं, आता लपवून काय करू.

"झाला घट्ट," बाबा धापा टाकत म्हणाले. "पाना बिघडलाय तुझा."

दादाने त्यांच्या हातातून पाना घेतला. पांढऱ्या शर्टाची बाही बॉनेटच्या काठाला लागून काळी झाली. त्याने ओढला. टक.

वकीलबाईंनी दुसरीकडे बघितलं. मी जिंकले होते, आणि मला माझीच किळस आली.

बाबा आपलं मनगट दुसऱ्या हातात धरून उभे होते. त्यांना तेव्हा कळलं, आणि मलाही. त्यांनी त्या दिवशी कामचुकारपणा केला नव्हता. नेहमीचाच सगळा जोर लावला होता. लागतोय तेवढाच जोर त्यांना पूर्वीइतका वाटत होता.

मला वाटलं आता ते बाकावर जाऊन बसतील, किंवा चिडून घरी निघून जातील. पण ते तिथेच उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "मग बाकीच्या गाड्यांचं काय?"

"कुठल्या बाकीच्या?" दादाने विचारलं.

"मी लावलेल्या. या वर्षात." त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि एका बोटावर थांबले. दादाकडे बघितलं. "सूनबाईच्या गाडीचे पुढचे ब्रेक मीच बसवले. गेल्या गुरुवारी."

दादाचा चेहरा पार उतरला. वहिनी त्या वेळी मुलांना घेऊन घरी येत असते. त्याने खिशातून फोन काढला, तो हातातून निसटला, उचलला, लावला. रिंग वाजत राहिली. आम्हा सगळ्यांना ती ऐकू येत होती.

"हॅलो? कुठे आहेस? गाडीत? ऐक, हळू कर. बाजूला घे. अगं कारण नंतर सांगतो, आधी बाजूला घे म्हणतोय ना! ब्रेक जोरात दाबू नकोस, हळूहळू थांबव. ... थांबली? पूर्ण? मुलांना उतरव. तूही उतर. तिथेच थांब, मी येतो."

तो गाडीला पाठ लावून खाली बसला, त्या पांढऱ्या शर्टासकट, तेलातच. "थांबली," तो म्हणाला. मग म्हणाला, "मीच त्यांना सांगितलं होतं, बाबा, जरा हिची गाडी बघून टाका."

मी त्याच्यावर ओरडणार होते. पण ओरडण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"बाकीच्या गाडीवाल्यांना तुमचे फोन होऊ देत आधी," वकीलबाई म्हणाल्या. त्यांनी बाकावरचा पेपर बाजूला सरकवला आणि बसल्या. "मी थांबते."

दादा वहिनीकडे गेला. मी काउंटरमागच्या खणातून वर्षभराची जॉबकार्डं, म्हणजे प्रत्येक गाडीच्या कामाची नोंद, आणली आणि कामाच्या टेबलावर ठेवली. बाबांनी चष्मा लावला. एकेक कार्ड उचलायचे, गाडी आठवायचे, आणि दोन ढीग करायचे. "हे नाही. हे मी. हे नाही, हे तू एकटीनेच केलंस. हे मी." उजवीकडचा ढीग वाढत चालला. त्यातल्या प्रत्येक कार्डाच्या तळाशी, 'तपासले' या शब्दापुढे, माझी सही होती. एकाही बोल्टला मी हात लावून बघितला नव्हता.

मी वरचं कार्ड घेतलं आणि नंबर फिरवला. पलीकडे एक माणूस होता, कुठल्या तरी घाईत.

"गॅरेजमधून बोलतेय," मी म्हणाले. "तुमची गाडी आत्ता आहे तिथेच राहू द्या, चालवू नका. मी येऊन चाकांचे बोल्ट तपासते. ... हो, काम झालं होतं. नीट झालं नव्हतं. ... नाही, दुसऱ्या कुणाची नाही. तपासायचं मी होतं आणि मी तपासलं नाही. चूक माझी आहे."

तो माणूस चिडला. त्याने मला बरंच काही ऐकवलं, आणि मी ते सगळं ऐकून घेतलं. फोन ठेवला तेव्हा बाबा पुढचं कार्ड डोळ्यांजवळ धरून बघत होते.

"हेही मीच," ते म्हणाले, आणि माझ्याकडे सरकवलं.